परीस खरा, पण त्याची अट काय?

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ सहा वर्षांनी पुन्हा थिएटरात लागला आणि २०१८ मध्ये पहिल्यांदा आला होता त्यापेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत बुटांचा एक जुना जोड लिलावात विकला गेला. शुल्क धरून किंमत ३ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २७५ कोटी रुपये. हे बूट ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या सिनेमातले. टाचा तीनदा एकमेकींवर आपटल्या की घरी पोचवणारे. त्यांच्यावर एकही माणिक नाही, बहुतेक लाल टिकल्याच आहेत.

एकीकडे शापित सोन्याच्या मुद्रा, दुसरीकडे टिकल्यांचे बूट. सिनेमातल्या जादूच्या वस्तूला किंमत येते ती नेमकी कशामुळे? सोन्यामुळे नाही, आणि तिच्या शक्तीमुळेही फारशी नाही. ती येते अटीमुळे. आणि ती अट खरी वाटावी म्हणून पडद्यामागे वजन, उजेड आणि आवाज यांवर बरीच मेहनत घेतलेली असते.

आधी दोन शब्द

सिनेमात नट हाताळतो ती प्रत्येक वस्तू म्हणजे प्रॉप. चहाचा कपही प्रॉप आणि अमृताचा कलशही प्रॉप.

दुसरा शब्द मॅकगफिन. आल्फ्रेड हिचकॉकने तो रूढ केला. जिच्यामागे सगळी पात्रं धावतात, पण जी नेमकी काय आहे याने कथेला काहीच फरक पडत नाही, ती वस्तू म्हणजे मॅकगफिन. ओळखायची रीत सोपी आहे: मनातल्या मनात वस्तू बदलून पाहा. चोर हिऱ्यांच्या पिशवीमागे लागलेत. पिशवीत हिऱ्यांऐवजी गुप्त कागद ठेवले तरी कथा तशीच चालत असेल, तर तो मॅकगफिन.

जादूची वस्तू या परीक्षेत टिकत नाही, आणि तेच तिचं मोठेपण. ‘मिस्टर इंडिया’तला अदृश्य करणारा पट्टा काढून त्या जागी उडवणारा पट्टा ठेवा. लाल उजेडात माणूस दिसतो हा नियम गेला की त्यावर बेतलेले सगळे प्रसंग कोसळतात. कथा वस्तूभोवती फिरत नसते, ती वस्तूच्या नियमावर उभी असते.

अट का लागते?

गल्ली क्रिकेट आठवा. शेजारच्या काकूंच्या अंगणात चेंडू गेला की आऊट. या एका नियमामुळे फलंदाजाला चेंडू खाली ठेवायला शिकावं लागतं, आणि खेळ बघण्यासारखा होतो. नियम काढून टाका, मग जो तो नुसते उंच फटके मारेल आणि दहा मिनिटांत सगळे कंटाळतील.

जादूचंही तसंच आहे. वस्तू वाटेल ते करू शकत असेल तर पात्र अडचणीत येऊच शकत नाही. आपल्याकडे हे फार आधीपासून ठाऊक आहे. द्रौपदीची थाळी कितीही पानं वाढली तरी रिकामी होत नाही, पण द्रौपदी स्वतः जेवली की त्या दिवसापुरती संपली. दुर्वास नेमके तिचं जेवण झाल्यावर शिष्यांसह दारात येतात, म्हणून ती गोष्ट आपण ऐकतो. स्यमंतक मणी रोज आठ भार सोनं देतो, पण ज्याच्याकडे तो असेल त्याचं आचरण शुद्ध हवं. चातुर्मासातल्या कहाण्यांत तर अट शब्दांतच बांधून दिलेली असते: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. वसा म्हटला की त्याचे नियम आलेच, आणि राणी तो टाकते तिथून खरी कहाणी सुरू होते.

पटकथा तपासताना मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. वस्तू काय देते? काय घेते? आणि केव्हा चालत नाही? तिसऱ्याचं उत्तर सापडत नसेल, तर समजावं की शेवटी नायक कुठूनतरी नवीनच शक्ती काढणार आहे आणि प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटणार आहे. अट प्रेक्षकाला आधी कळली पाहिजे. गरज पडल्यावर सांगितलेली अट ही पळवाट ठरते.

तुंबाडची मुद्रा, जवळून

(पुढे कथेतले काही दुवे उघड होतात.)

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमात विनायक पुण्यात राहतो आणि अधूनमधून कोकणातल्या तुंबाडच्या वाड्यात उतरतो. काळ १९१८ पासून १९४७ पर्यंतचा. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सोनं आणि अन्न दोन्ही हवं होतं. सोनं त्याने घेतलं, पण धान्याकडे हात जाताच बाकीच्या देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवलं, पण यापुढे कुणी त्याची पूजा करणार नाही या बोलीवर. म्हणजे देवालाही अट घालूनच कथेची सुरुवात होते.

आता विनायकाची एक फेरी नीट पाहा. दोर धरून विहिरीसारख्या खोल जागेत उतरायचं. खाली पोचल्यावर आधी स्वतःभोवती पिठाचं रिंगण घालायचं, कारण ते हस्तरला ओलांडता येत नाही. मग कणकेची बाहुली पुढे करायची. युगानुयुगं उपाशी असलेला हस्तर तिच्यावर तुटून पडतो, आणि तो खाण्यात गुंतलेला असेल तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून मुद्रा पाडून घ्यायच्या. त्याने स्पर्श केला तर माणूस मरत नाही, सडत जगत राहतो.

इथे सोन्याचा साठा अमर्याद आहे, मर्यादा वेळेची आहे. एक बाहुली, काही क्षण, मूठभर मुद्रा. म्हणून विनायक श्रीमंत होतो तोही मुठीमुठीने, आणि प्रत्येक मूठ संपली की त्याला पुन्हा तुंबाडची वाट धरावी लागते. बाहुली कणकेची असणं मला सगळ्यात जास्त भावतं. जी वस्तू आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात परातीत मळलेली असते, तीच इथे किल्ली होते. प्रेक्षकाला तिचं वजन, तिचा चिकटपणा हाताला ठाऊक असतो, त्यामुळे अनोळखी हस्तरही ओळखीच्या मार्गाने खरा वाटायला लागतो.

पुढे स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारकडे जाणार अशी वेळ येते आणि बाप-लेकाला एकाच फेरीत सगळा लंगोट हवासा होतो. एका बाहुलीला थोडा वेळ, तर अनेक बाहुल्यांना भरपूर वेळ, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकत नाही, नियमाचं दुसरं टोक त्यांना दिसलेलं नसतं: जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. हा धक्का बाहेरून आलेला नाही. पहिल्या फेरीतच प्रेक्षकाला सांगितलेल्या नियमातून तो निघतो, म्हणून तो पटतो.

सोनं जड असतं, हे नटाला कळायला हवं

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आहे. पितळेची साधारण साडेआठ पट. दोन सेंटिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची मुद्रा शुद्ध सोन्यात केली तर सुमारे १२ ग्रॅम भरते, म्हणजे सराफाच्या आजच्या हिशेबाने तोळ्याहून थोडी जास्त. तीच पितळेत पाच ग्रॅमच्या आसपास आणि रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, एक ग्रॅमही भरत नाही. अशा वीस मुद्रांची मूठ सोन्यात जवळजवळ पाव किलोची, रेझिनमध्ये जेमतेम १४ ग्रॅमची.

हा फरक कॅमेऱ्याला दिसतो. जड मूठ उचलताना मनगट आधी खाली झुकतं, बोटं आवळली जातात, पिशवी ताणली जाते आणि तिच्या तळाला गोलवा येतो. हलकी पिशवी चालताना पायावर उड्या मारते. खजिन्याची पेटी काखेत मारून धावणारा नायक हे याचं ठळक उदाहरण. ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, १५ उंच एवढी लहानशी पेटी घ्या. नाणी ओतली की मधे पोकळ्या राहतात, म्हणून साठ टक्केच जागा भरली असं धरलं तरी सोन्याचं वजन शंभर किलोंच्या वर जातं. ती उचलायलाच दोन माणसं लागतील. उपाय खर्चिक नाही: पेटीच्या तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, इतक्या की नटाला जोर लागेल पण पाठ दुखावणार नाही. आठ-दहा किलोंतही चाल बदलते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली अंगठी घराच्या जमिनीवर पडते तो क्षण आठवत असेल. ती उसळत नाही, घरंगळत नाही, पडते तिथेच बसते. खाली चुंबक लावला होता. अंगठी केवढीशी, पण तिचं ओझं किती, हे एका शब्दाविना कळतं.

चकचकीत वस्तू पडद्यावर काळी का दिसते?

नवख्या गटांची इथे हमखास फसगत होते. घासून लख्ख केलेली समई डोळ्यांजवळ धरा. तुम्हाला पितळ कमी आणि स्वतःचा चेहरा जास्त दिसेल. गुळगुळीत धातू हा आरसा असतो आणि आरशाला स्वतःचा रंग फारसा नसतो, समोर जे असेल ते तो दाखवतो. अंधाऱ्या गुहेत समोर अंधारच असतो, म्हणून सोन्याचा कलश काळा दिसतो, आणि वर कॅमेऱ्याचं प्रतिबिंबही त्यात उमटतं.

अशा वेळी वस्तूवर आणखी दिवा मारून उपयोग नाही. त्याने फक्त एक पांढरा ठिपका वाढतो. उजेड द्यायचा तो वस्तूला जे ‘दिसतं’ त्याला: समोर पांढरा कापडी पडदा किंवा थर्मोकोल धरून त्यावर पिवळसर दिवा टाकायचा. वस्तू त्या उजळलेल्या पडद्याचं प्रतिबिंब दाखवते आणि सोनेरी दिसायला लागते.

दुसरा उपाय पृष्ठभागातच आहे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम होतं, म्हणजे हातोडीने शेजारीशेजारी एकसारखे ठोके देत जाणं. प्रत्येक ठोक्याचा खळगा एक छोटा आरसा बनतो आणि वेगळ्या दिशेचा उजेड पकडतो. त्यामुळे मठारलेला कलश किंचित फिरवला तरी शेकडो ठिपके एकदम जागे होतात. सपाट कलशापेक्षा तो पडद्यावर कितीतरी जिवंत दिसतो, आणि ओरखडेही लपतात. जादूचं भांडं हवं असेल तर पुण्यात तरी आधी तांबट आळीत जावं, मग तुळशीबागेत.

एकच अंगठी, चाळीस प्रती

पडद्यावर एकमेव असलेली वस्तू सेटवर क्वचितच एकटी असते. जवळून दाखवायची ती सर्वांत बारकाईने केलेली प्रत म्हणजे हिरो प्रॉप. मारामारी आणि धावपळीसाठी रबरी प्रत. पाण्यात पडायची, तुटायची, वितळायची प्रत आणखी वेगळी.

न्यूझीलंडमधल्या नेल्सन शहराचे सुवर्णकार येन्स हॅन्सन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या त्या अंगठीचा नमुना घडवला. सिनेमासाठी वेगवेगळ्या मापांच्या चाळीसच्या आसपास अंगठ्या झाल्या. हवेत गिरक्या घेतानाच्या दृश्यासाठी एक तर जवळपास वीतभर रुंदीची होती. कारण उघड आहे. दोन सेंटिमीटरची अंगठी १२ मीटर रुंद पडद्याचा एक तृतीयांश भाग व्यापते तेव्हा ती दोनशे पट मोठी झालेली असते, आणि केसाएवढा, दशांश मिलिमीटरचा ओरखडा दोन सेंटिमीटरची भेग होऊन समोर येतो. मोठी प्रत केली की ओरखडा तेवढाच राहतो पण मोठेपणाची पटच कमी होते.

घरी मुद्रा करायची असेल तर

फिरोदिया करंडकासारख्या महाविद्यालयीन स्पर्धेसाठी किंवा लघुपटासाठी वीस-पंचवीस मुद्रा लागल्या, तर ही रीत चालते.

मूळ नमुना न सुकणाऱ्या मातीत करा आणि कडा मुद्दाम थोड्या वेड्यावाकड्या ठेवा. जुनी नाणी हाताने ठोकलेली असत, त्यामुळे अगदी गोल मुद्रा लगेच आजच्या काळातली वाटते. नमुन्यावर सिलिकॉन रबर बारीक धारेने, एका कोपऱ्यातून, हळू ओता. घाईने ओतलं की बुडबुडे अडकतात आणि प्रत्येक मुद्रेवर तोच फोड उमटतो. साचा दुसऱ्या दिवशीच सोडवा.

साच्यात आधी मऊ ब्रशने कोरडी पितळेची पूड फासा. मग रेझिन आणि पितळेची पूड आकारमानाने निम्मी-निम्मी मिसळून ओता. कडक करणारं द्रावण किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तिथे अंदाज चालत नाही. पूड हवेत उडते, म्हणून मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. पॉलियुरेथेन जातीचं रेझिन ओलाव्याने फेसाळतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये मुद्रा पावासारख्या फुगून निघाल्या तर कारण बहुधा हेच, हात वाईट नव्हता.

साच्यातून काढलेली मुद्रा तपकिरी प्लास्टिकसारखी दिसते आणि बरेच जण इथे निराश होऊन सोनेरी स्प्रे मारतात. तो मारू नका. अगदी बारीक स्टील वूलने घासा, वरचा पातळ थर निघून खालची खरी पितळ उघडी पडते. शेवटी पातळ केलेला काळा तैलरंग सगळीकडे लावून लगेच पुसा. खोलगट भागात काळं राहतं, उंचवटे चमकतात, आणि मुद्रेला शंभर वर्षांचं वय येतं.

आवाज मात्र या मुद्रांना नसतो. रेझिन खट्ट वाजतं. खऱ्या धातूची खणखण नंतर स्टुडिओत वेगळी ध्वनिमुद्रित करून जोडायची. या कामाला फोली म्हणतात, जॅक फोली या अमेरिकी ध्वनिकाराच्या नावावरून. जुनी जड पितळी नाणी लाकडावर आणि दगडावर अशी दोन्हीकडे टाकून घ्या, जमीन बदलली की आवाज बदलतो.

हे सगळं संगणकावर होत नाही का?

होतं, आणि पुष्कळदा तेच योग्य असतं. त्या अंगठीवर पेटणारी अक्षरं संगणकावरचीच आहेत. पण हातातली वस्तू खरी असली की नटाची नजर योग्य जागी जाते, तिचा पिवळा उजेड त्याच्या हनुवटीवर पडतो, बोटं खऱ्या काठावर वळतात. या तीन गोष्टी मागाहून चिकटवायला फार कष्ट पडतात. वस्तू खरी आणि चमत्कार संगणकाचा, ही वाटणी बहुतेक वेळा साधते.

अशा सिनेमांनी अंधश्रद्धा वाढते का?

हा आक्षेप पुण्यात तरी हलक्यात घेऊ नये. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच शहरात खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेश म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. गुप्तधनासारख्या मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं त्यात गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये.

जादूच्या वस्तूंचा बाजार पडद्याबाहेर खरोखर चालतो. ‘राइस पुलर’ नावाने तांब्याचं जुनं भांडं दाखवतात: वीज पडून त्यात दैवी शक्ती आली, ते तांदूळ ओढतं, परदेशात त्याला कोट्यवधी मिळतात. प्रत्यक्षात तांदळाला लोखंडाचा बारीक कीस लावलेला असतो आणि भांड्यात चुंबक दडवलेला असतो. मांडूळ या निरुपद्रवी सापालाही ‘दुतोंडी’ म्हणून असंच विकतात. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा.

फरक मोजायची पट्टी पुन्हा अटच आहे. सिनेमा अट सुरुवातीला सांगतो, ती बदलत नाही आणि किंमत पात्राकडून वसूल करतो. भामट्याची अट दर आठवड्याला नवी असते: आधी तपासणीचे पैसे, मग शास्त्रज्ञाच्या प्रवासाचे, मग किरणोत्सर्गापासून वाचवणाऱ्या पोशाखाचे, आणि वस्तू शेवटपर्यंत तुमच्या हातात येत नाही. दर वेळी पैसे तुमचेच. मुलांबरोबर असा सिनेमा पाहिल्यावर हे बोलून घ्यावं. मुलांना अटीचं गणित पटकन कळतं.

मग टिकल्यांचे बूट २७५ कोटींचे कसे?

१९०० सालच्या मूळ पुस्तकात ते बूट चांदीचे होते. नव्या टेक्निकलर रंगपद्धतीत लाल जास्त खुलेल म्हणून सिनेमात ते माणकांचे झाले. लिलावात गेलेला जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला होता आणि २०१८ मध्ये एफबीआयने तो परत मिळवला. चोराला वाटलं होतं की माणकं खरी आहेत. चोरीचा माल घेणाऱ्याने ती खोटी असल्याचं सांगताच त्याने बूट सोडून दिले. सुटे दगड विकायला निघालेल्या माणसाला जोडाची किंमत दिसणं शक्यच नव्हतं. ती होती ‘घरासारखी जागा नाही’ असं मनाशी म्हणत घरी परतणाऱ्या मुलीच्या पायांत ते असण्यात. असे चारच जोड आज माहीत आहेत.

त्यांपैकी एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या जतनासाठी २०१६ मध्ये लोकांनी ३ लाख डॉलरहून जास्त वर्गणी दिली. त्या टिकल्या जिलेटिनच्या आहेत आणि वर सेल्युलोज नायट्रेटचा थर आहे. जुन्या सिनेमांची रिळंही याच नायट्रेटची असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागून कितीतरी जुने सिनेमे गेले. हा पदार्थ उजेडाने फिका पडतो, उष्णतेने आणि दमटपणाने कुजतो.

त्यामुळे शूटिंग संपल्यावर हिरो प्रॉप माळ्यावर टाकू नका. पितळेला उघडा हात लावू नका, घामाचे ठसे महिनाभरात काळे पडतात. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. रबरी प्रत वेगळ्या डब्यात, कारण रबर झिजताना निघणाऱ्या वाफा धातू काळवंडवतात. डब्यावर सिनेमाचं नाव, दृश्याचा क्रमांक, साल आणि घडवणाऱ्या कारागिराचं नाव लिहा.